महाशिवरात्र ते पाडवा: बागेतली कामं आणि त्यामागची कारणं

फेब्रुवारी सरत आला की दुपारी गच्चीची फरशी पायाला चटके देते आणि पहाटे मात्र अजून अंगावर चादर लागते. घरच्या बागेसाठी वर्षातला हा सगळ्यात मोलाचा महिना आहे. पावसाळ्यात साधी काडी खोचली तरी फुटते, थंडीत झाडं मजेत असतात. पण मे महिन्याच्या रखरखाटातून कोणतं झाड तगणार आणि कोणतं करपणार, हे बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरतं. आणि नेमकी हीच वेळ आपल्या हातून निसटते, कारण बाग तेव्हा छान दिसत असते. झेंडू, पिटुनिया अजून फुललेले असतात, टोमॅटो लागलेले असतात. काही करायला हवं असं वाटतच नाही.

महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते आणि गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला. मध्ये फाल्गुनाचा एक महिना. या महिन्याची कामं दोन गटांत वाटून टाकली की सगळं सोपं होतं. छाटणी, कुंडी बदलणं, मुळं कापणं ही झाडाला जखम करणारी कामं आधी. म्हणजे पाडव्याच्या निदान तीन आठवडे आधी उरकायची. आच्छादन, सावली, आळं ही झाडाला झाकणारी कामं नंतर, पाडव्याच्या आसपास. थोडक्यात, आधी मोडतोड, मग झाकपाक. मागच्या वर्षात अधिक महिना येऊन गेला असेल तर सण उशिरा येतात, २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता. अशा वर्षी पंचांगाकडे न बघता पहाटेच्या गारव्याकडे बघा आणि तो असेपर्यंत कापाकापी आटपा.

बागकामाचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बरेचसे इंग्लंड-अमेरिकेतले असतात. तिथे वसंतातली सगळी कामं एका गोष्टीभोवती फिरतात: पाणी गोठवणारी शेवटची रात्र कधी येऊन जाईल. न्यू जर्सीत राहणारी आपली मावशी मार्चमध्ये टोमॅटोची रोपं घरात, दिव्याखाली वाढवते ती याच धास्तीने. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीतल्या एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढंच. आपला प्रश्न पाण्याचा आहे. त्यामुळे तिथलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावलं, मार्चअखेरीस बियाणं पेरायला घेतलं आणि एप्रिलमध्ये कुंड्या बदलल्या, तर झाड ऐन उन्हाच्या तोंडी सापडतं.

झाडाच्या आत काय चाललेलं असतं

चैत्रपालवी आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यातलं नवल लक्षात येत नाही. पाऊस थांबून पाच महिने झालेले असतात, जमीन सुकलेली असते, पुढचा पाऊस अजून अडीच महिने लांब असतो. आणि अशा वेळी पिंपळ, करंज, कडुनिंब कोवळी पानं काढतात! याचं कारण असं की या झाडांनी जुनी पानं आधीच गाळून पाण्याचा खर्च कमी केलेला असतो, त्यांची मुळं खोलवर ओलीपर्यंत गेलेली असतात आणि खोडातही पाण्याचा साठा असतो. दिवस मोठा होऊ लागला ही त्यांच्यासाठी खूण ठरते. पहिला पाऊस येईल तेव्हा पूर्ण वाढलेली पानं कामाला तयार असावीत, अशी ही सोय आहे.

कुंडीतल्या झाडालाही तीच खूण मिळते आणि तेही फुटायला लागतं. पण त्याच्याकडे खोल मुळं नाहीत. बारा इंच कुंडीतली माती, एवढीच त्याची जमीन. पानांवरच्या बारीक रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते आणि त्या ओढीनेच मुळांतून पाणी वर चढतं. ऊन आणि कोरडा वारा वाढला की ओढ वाढते. हे पाणी आत घेण्याचं काम मुळांची टोकं आणि टोकांजवळचे अगदी बारीक केस करतात. जुनी, जाड, तपकिरी मुळं मुख्यतः झाडाला धरून ठेवतात आणि पाणी पुढे पोचवतात. म्हणून उन्हाळ्यात झाड तगवायचं असेल तर मार्चअखेरीस त्याच्याकडे कोवळी, पांढरी मुळं भरपूर हवीत. ती वाढायला तीन-चार आठवडे लागतात. सगळ्या घाईचं मूळ इथे आहे.

कुंडी उलटी करून बघा

तीन-चार वर्षं एकाच कुंडीत असलेला कढीपत्ता घ्या. आदल्या दिवशी थोडं पाणी घाला म्हणजे माती सुटायला सोपी जाते. खोड बोटांत धरून कुंडी आडवी करा, कडेवर तळहाताने ठोका आणि झाड हलकेच ओढा. मुळांचा गड्डा कुंडीच्या आकारातच बाहेर येतो. कडेने मुळं गोल गोल फिरलेली दिसतील आणि तळाशी तर काथ्याच्या चटईसारखा थर झालेला असेल. माती जवळजवळ दिसतच नाही. ती कुजून, वाहून, मुळांच्या जागेपायी संपलेली असते.

आता खुरप्याने गड्डा मधोमध थोडा उकरा. बऱ्याचदा आत कोरडी धूळ निघते. रोज पाणी घातलं जात होतं, खालच्या भोकातून बाहेरही येत होतं, मग आत कोरडं कसं? एकदा पूर्ण सुकलेली माती, विशेषतः कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा जास्त असलेली, पाणी लवकर शोषत नाही आणि आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. भोकातून पाणी आलं म्हणजे झाडाला मिळालं, असा आपला समज असतो. फेब्रुवारीत हे खपून जातं. एप्रिलमध्ये त्याच झाडाची पानं दोन दिवसांत वाळतात आणि आपण उन्हाला दोष देतो.

उपाय अवघड नाही. जुन्या सुरीने तळाचा इंचभर थर कापून टाका, कडेला तीन-चार उभ्या चिरा द्या आणि बोटांनी मुळं मोकळी करा. मुळं कापताना जीव खालीवर होतो, पण कापलेल्या जागेच्या मागूनच नवी मुळं फुटतात आणि आपल्याला तीच हवी आहेत. कुंडी दोन इंच मोठी घ्या, किंवा मोठी ठेवायला जागा नसेल तर तीच धुऊन वापरा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरतं. खोड आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा आणि वर दीड इंच जागा सोडा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी थांबत नाही, बाहेर सांडतं. मुळं कमी केलीत तर फांद्याही एक तृतीयांश कमी करा, कारण उरलेली मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. मग कुंडी आठ-दहा दिवस सावलीत. नवा कोंब दिसेपर्यंत वरून कोणतंही खत नको.

शेणखताविषयी मी आग्रहाने सांगतो: ताजं घेऊ नका. कुजताना ते तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. शिवाय त्यात हुमणी येते. अर्धगोल वळलेली, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी. ती मुळं खाते आणि वरून काहीच कळत नाही, झाड फक्त मान टाकतं. खत हातात घेतल्यावर काळसर, भुसभुशीत असावं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास यावा.

कुंडीच्या बाहेरून किंवा मातीवर पांढरा, खरखरीत थर आलेला असेल तर तो बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा आहे. पाऊस एरवी तो धुऊन काढतो, पण पाऊस जूनशिवाय नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीला एकदा, शक्य तर बोअरऐवजी नळाच्या पाण्याने, कुंडी खालून भरपूर निथळेपर्यंत सावकाश भिजवा आणि ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या. क्षार मातीत राहिले की ते पाणी धरून ठेवतात आणि ओली माती असूनही मूळ तहानेलं राहतं.

मोगऱ्याची कात्री

छाटणी का करायची हे मोगऱ्यावर छान समजतं. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं. ते खाली वाहतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते ते कोंब, झोपवून ठेवतं. शेंडा कापला की ही दटावणी संपते आणि खालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. म्हणजे जितकी नवी टोकं तितक्या कळ्यांच्या जागा. जुन्या, न कापलेल्या मोगऱ्यावर चार फुलं येतात आणि आपण खत वाढवत बसतो. त्याला खरी गरज कात्रीची असते.

छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करून थोडा ताण द्या. मग वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढा, उरलेल्या निम्म्यावर आणा आणि राहिलेली जुनी पानं हाताने खुडून टाका. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर आणि तिरका हवा. आतल्या बाजूचा डोळा राखला तर फूट झुडपाच्या आत जाते आणि तिथे दाटी होते. त्यानंतर खत आणि नियमित पाणी. मोगऱ्याला दिवसभराचं ऊन लागतं, त्याला सावलीत लाडावू नका. हे काम फेब्रुवारीत झालं तर ऐन एप्रिलमध्ये ओंजळभर फुलं मिळतात.

कढीपत्ता आणि जास्वंद याच वेळी एक तृतीयांश कापावेत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. एकदा बी भरलं की तुळस आपलं काम झालं असं समजून वाळायला लागते. मात्र बोगनवेल आता बहरात असते किंवा येण्याच्या बेतात असते, तिला हात लावू नका, पाणीही बेताचंच द्या. आंब्याला मोहोर-कैऱ्या असतात, तोही सोडा. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. आता फक्त सुकलेली फुलं काढायची.

बाल्कनीतलं ऊन सरकतं

बाल्कनीत बाग करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि त्यांची निम्मी कोडी यातच सुटतात. पुण्याचं उदाहरण घेऊ, अक्षांश साधारण साडेअठरा. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. २१ मार्चच्या सुमारास तो साडेएकाहत्तर अंशांवर चढतो. मेच्या मध्यावर बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावली दिवस. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो.

आता दक्षिणमुखी बाल्कनी डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्याचा स्लॅब जमिनीपासून नऊ फुटांवर आहे. डिसेंबरात दुपारचं ऊन स्लॅबच्या कडेपासून आठ फूट आत येतं, म्हणजे सगळी बाल्कनी ओलांडून खोलीत. मार्चच्या एकविशीला ते तीन फुटांवर येतं. एप्रिलच्या मध्यात जेमतेम दीड फूट. म्हणजे थंडीत जी कुंडी भिंतीलगत उन्हात होती ती आता दिवसभर सावलीत आहे, आणि कठड्याजवळची तेवढी उन्हात. टोमॅटो, मिरची पुढे सरकवा; फर्न, मनीप्लांट मागे. उत्तरेच्या बाल्कनीत उलट घडतं: थंडीभर ऊन नसतं आणि मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं, त्या वेळी तिथली सावलीची झाडं भाजतात. पश्चिमेची बाल्कनी सर्वांत कठीण. तापलेल्या हवेत दुपारचं ऊन थेट कुंडीच्या अंगावर येतं. तिथे कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि पुढच्या रांगेत दणकट झाडं घ्या, म्हणजे मागच्यांच्या कुंड्या तापणार नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती इतकी गरम होते की कडेची मुळं मरतात. मातीची कुंडी पाझरते, त्यामुळे गार राहते. पण ती पाणी जास्त पिते, आणि तिला ऑइलपेंट दिलात तर पाझरणं बंद होऊन तो फायदा जातो. गेरू चालतो.

गच्चीवर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बांधायचं असेल तर मार्चअखेरीस बांधा. थंडीतच बांधून टाकलं तर झाडं उजेडासाठी लांबट, लेचीपेची वाढतात.

माती उघडी ठेवू नका

देशावर मे महिन्यात उघड्या भांड्यातल्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण १० मिलिमीटर उतरते, विदर्भात त्याहून जास्त. बारा इंची कुंडीच्या तोंडाचा हिशेब केला तर ओली, उघडी माती दिवसाला पाऊण लिटरपर्यंत पाणी हवेत सोडू शकते. झाड पितं ते वेगळंच. तीच माती दोन-तीन इंच पालापाचोळ्याने झाकली की ऊन आणि वारा मातीपर्यंत पोचत नाही आणि हा अपव्यय खूप कमी होतो.

गंमत म्हणजे गरज आणि माल एकाच वेळी येतात. याच दिवसांत रस्त्यारस्त्यावर पानगळीचे ढीग लागतात, आणि सकाळी सकाळी ते पेटवून दिलेले दिसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. झाडाने जमिनीतून घेतलेलं कॅल्शियम, पोटॅश त्या पानांत असतं, आणि मातीला ज्या सेंद्रिय द्रव्याची भूक आहे ते तर ती पानंच असतात. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून महाराष्ट्रात हेच तळमळीने मांडलं, की पालापाचोळा ही संपत्ती आहे. एक-दोन पोती भरून आणा. कुंडीत वरून घाला, उरलेली पोत्यातच ओली करून सावलीत ठेवा; पावसाळा सरेपर्यंत त्याचं काळं सोनं होतं. पानं नसतील तर शेंगांची टरफलं, नारळाची सोडणं, उसाचं पाचट, काहीही चालेल. फक्त खोडाभोवती दोन बोटं मोकळी जागा ठेवा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते.

जमिनीत बाग असेल तर मातीप्रमाणे काम बदलतं. बेसॉल्टपासून झालेली आपली काळी माती सुकताना आक्रसते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालचीही ओल उडते, बारीक मुळं तुटतात. वरचा दोन इंचाचा थर खुरप्याने हलवून भुसभुशीत केला की खालून वर चढणारं पाणी तिथे अडतं. शेतकरी कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते यामुळेच. कोकणातली जांभ्याची लाल माती पाणी धरतच नाही. तिथे थोडं थोडं, वारंवार पाणी आणि जाड आच्छादन. आळं बुंध्याला चिकटून नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत रुंद करा, पाणी पिणारी टोकं तिकडे असतात.

पाणी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी पानं मलूल दिसली की लगेच झारी उचलू नका, आधी बोट पेराभर मातीत घाला. माती ओली असेल तर झाड रंध्रं मिटून ऊन टाळत आहे, संध्याकाळी ते आपणच उभं राहील. अशा वेळी पाणी घालत राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात.

कोवळ्या फुटीवर मावा आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. कीड दिसायच्या आधी मुंग्यांची रांग दिसते. मुंग्या किडीने सोडलेला गोड चिकटा खायला येतात आणि बदल्यात किडीची राखण करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड पाडा, मग लिटरभर पाण्यात चहाचा एकेक चमचा निंबोळी तेल आणि पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. लाल कोळी मात्र कोरड्या हवेत वाढतो, पानामागे बारीक जाळी करतो. त्याला पानाच्या खालच्या बाजूने रोज पाणी मारलं तरी बराच आळा बसतो.

आता काय पेरायचं

कोथिंबीर, पालक, मेथी यांचे दिवस संपत आले. उन्हं वाढली की त्या फुलावर जातात, पानं कडसर होतात. त्यांच्या जागी भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं घ्या. भेंडीचं बी कडक असतं आणि गार मातीत उगवत नाही; रात्रभर भिजवून, पहाटेचा कडाका गेल्यावर पेरा. वेलवर्गीय भाज्यांचं बी थेट मोठ्या कुंडीत लावा, त्यांची मुळं उपटून पुन्हा लावलेली सोसत नाहीत. तांदुळजा आणि राजगिरा ऐन उन्हाळ्यातही पालेभाजी देतात.

शेवंती फेकू नका. फुलं संपलेली झाडं चार बोटं ठेवून कापा. बुंध्याशी ज्या काश्या, म्हणजे मुळाजवळची नवी रोपं, फुटतात त्या अर्धवट सावलीत जपल्या की पावसाळ्यात वेगळ्या करून लावता येतात. हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली असतील तर पाणी तोडा, आठ-पंधरा दिवसांनी कुंडी उलटी करून गड्डे काढा. खायची हळद बाजूला काढून चांगले, निरोगी डोळे असलेले गड्डे कोरड्या मातीत किंवा वाळूत, सावलीत झाकून ठेवा. अक्षय तृतीयेपर्यंत डोळे फुगून वर येतात, तेव्हा लावायला घ्या.